नो सिग्नल

सोलापुरात कार्यक्रम कुठलाही असो, दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार सगळं रीतसर पार पडतं. पाहुण्यांच्या खांद्यावर चादर चढते. मग निवेदक म्हणतो, "आता सादरीकरणाकडे वळू या." आणि पडदा निळा पडतो. त्यावर दोनच शब्द: नो सिग्नल.

पुढच्या पाव तासाइतकी लोकशाही मला दुसरीकडे कुठे दिसली नाही. "वायर हलवून बघा की ओ!" "बंद करून चालू करा!" तिसऱ्या रांगेतले निवृत्त सर सांगतात की ओव्हरहेड प्रोजेक्टर बरा होता, पारदर्शक कागद ठेवला की दिसायचं. कुणी एफच्या ओळीतली सगळी बटणं दाबून बघतं. चित्र येत नाही, आवाज मात्र जातो. शेवटी साउंडवाल्याचं पोरगं मावा एका गालात सारत येतं, विंडोज आणि पी दाबतं, 'डुप्लिकेट' निवडतं आणि न बोलता निघून जातं. सत्कार खरं तर त्याचा व्हायला हवा.

दोष पुष्कळसा वायरींच्या टोकांचा. १९८७ सालच्या व्हीजीएला १५ पिना. बाजूचे दोन स्क्रू कुणी आवळत नाही, आणि एखादी पिन वाकून हिरवा रंग गेला, की पाहुण्यांचा सगळा आलेख गुलाबी. एचडीएमआयला १९ पिना. नव्या लॅपटॉपला बहुधा नुसतं टाइप-सीचं बारीक भोक. मधे लागणारं अ‍ॅडॉप्टर मागच्या पाहुण्यांबरोबर हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलेलं असतं. त्यातून आपल्याला केवढं चित्र झेपतं हे प्रोजेक्टर लॅपटॉपला त्याच वायरीतून कळवत असतो. लांबलचक, जुन्या वायरीत तो निरोप हरवला, की लॅपटॉपच्या लेखी समोर कुणी नाहीच.

खरं तर हे गाव या कामात कच्चं असायचं कारण नाही. सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्ड मागावर उतरते, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून. ही युक्ती फ्रान्समधली, १८०४ च्या सुमाराची. चार्ल्स बॅबेजनं ती आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यासाठी उचलली. म्हणजे संगणकाचे चुलते आमच्या पूर्व भागात पिढ्यान्‌पिढ्या खडखडतायत. माळेतला एक पुठ्ठा चुकला तर मोराची मान वाकडी होते, हे तिथं कुणाला सांगावं लागत नाही.

आणि जिल्ह्यातच माढा तालुक्यात परितेवाडी आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, मुलांची परदेशातल्या वर्गांशी पडद्यावर गाठ घालून दिली. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला आणि दहा लाख डॉलरमधले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ जणांना वाटून टाकले. ते रुजू झाले तेव्हा शाळेला लागून गुरांचा गोठा होता. तिथून जग दिसतं, आणि आमच्या वातानुकूलित सभागृहात नो सिग्नल! यंत्राला बोल लावायला जागाच उरत नाही. शिकवणारा माणूस वायर रोज जोडतो. आपण सणासुदीला, तीही पाहुणे व्यासपीठावर बसल्यावर.

तेव्हा सोलापुरात बोलायला याल तर अर्धा तास आधी या. प्रोजेक्टर आधी लावा, लॅपटॉप मागून. आणि परतताना आमचं अ‍ॅडॉप्टर पिशवीत गेलं नाही ना, एवढं तेवढं बघा.