या, घर घ्या, साठ टक्के ठेवा!

सिंगापुरात परदेशी माणसाला घर घ्यायला कुणी मनाई करत नाही. सरकारी एचडीबीचे नवे फ्लॅट त्याच्यासाठी नाहीत. पण खासगी कॉन्डो खुशाल घ्यावा. फक्त एप्रिल २०२३ पासून किमतीच्या ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क मोजावं, नेहमीचं शुल्क वेगळं. म्हणजे २० लाख डॉलरच्या घरामागे १२ लाख सरकारचरणी! मुक्त व्यापार कराराच्या कृपेने अमेरिकन, स्विस, नॉर्वेजियन अशा मोजक्यांना मात्र पहिल्या घरावर हा भुर्दंड माफ. आपल्या पुणेकर इंजिनिअरला ती सवलत नाही. तो बिचारा तिथे भाडं भरतो आणि फ्लॅट हिंजवडीत बुक करतो. इथलं मुद्रांक शुल्क त्यामानाने किरकोळच. ताबा कधी मिळणार, एवढं मात्र बिल्डरला विचारू नये!