पुढे ऊस आहे

डिसेंबर लागला की परदेशातल्या भाच्यांचे सल्ले फॅमिली ग्रुपवर पडू लागतात. हिवाळ्यात गाडी चालवताना टायरला साखळ्या बांधा, काचेवरचा बर्फ खरवडा, डिकीत फावडं ठेवा. सोलापूरकराने हे आदराने वाचावं आणि डिलीट करावं. काचेवर बर्फ दिसलाच, तर तो शेजारच्या लस्सीवाल्याचा समजावा.

आपल्या रस्त्यावर हिवाळ्यात पडतो तो ऊस. तिसाहून अधिक साखर कारखान्यांचा आपला जिल्हा. बॉयलर पेटले की टेंभुर्णी, मोहोळ, पंढरपूर, अकलूजकडचे सगळे रस्ते मार्चपर्यंत कारखान्याच्या गव्हाणीकडे जाणारी खासगी वाट होतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला ऊस आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर लग्नाच्या वरातीला पुरतील एवढे स्पीकर. तुमचा हॉर्न त्याला ऐकू येत नाही ही तक्रार गैर आहे. चालू गाण्यात हॉर्न वाजवणं हा रसभंग.

पहाटेची गोष्ट वेगळी. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, उजनीचं बॅकवॉटर शेजारी आणि रात्रीच्या लायटीवर पाणी पाजलेली उसाची रानं. जमीन गार पडते आणि तिच्यालगतच्या ओल्या हवेचं धुकं होतं. त्यात कुणी पाचट पेटवलं असेल तर धूरही मिसळतो. आपला शूर गडी अशा वेळी अप्पर मारतो. तो उजेड धुक्यावर आपटून त्याच्याच डोळ्यांत परत येतो, मग तो आणखी चिडून आणखी वेगात जातो. डिप्परवर सावकाश जाणं त्याला कमीपणाचं वाटतं. ताशी 80 च्या वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. पुढचं 50 मीटर दिसत असेल, तर विना-दिव्याची ट्रॉली ओळखायला, ब्रेक मारायला आणि कुलदैवत आठवायला मिळून सव्वादोन सेकंद मिळतात. ट्रॉलीमागचं ‘आईचा आशीर्वाद’ स्पष्ट वाचता आलं, तर आता त्याचीच गरज पडणार आहे असं समजावं.

ट्रॉली बंद पडली तर मात्र चोख बंदोबस्त असतो. भोवती चार दगड, वर बाभळीची फांदी. ट्रॉली दुरुस्त होऊन निघून जाते, दगड तिथेच मुक्कामाला राहतात.

एवढी घाई का, तर तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, साखर उतारा घटतो. म्हणून ऊस रातोरात पोचलाच पाहिजे. उसाचे पैसे 14 दिवसांत द्यावेत असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, पण पैसे वाळत नसल्यामुळे तिथे तेवढी घाई दिसत नाही.

प्रशासनाला अडथळे दिसत नाहीत असं कुणी म्हणू नये. 15 जून 2023 ला सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली ना! होटगी रोडच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानांना ती आड येत होती. प्रवासी विमानसेवा त्यानंतर जवळपास दोन वर्षांनी सुरू झाली. न आलेल्या विमानासाठी उभी चिमणी झोपवता येते. चालत्या ट्रॉलीला दोन लाल दिवे लावायचे म्हटलं की बैठक लागते. आकाशातल्या वाहतुकीला मत नसलं तरी वजन असतं.

बैठका होतातच. 2021 साली केंद्राने रस्ता सुरक्षा सप्ताहाचा महिना केला, तोही ऐन हंगामात. उद्घाटनाला चेअरमनसाहेब हवेतच, कारण ट्रॉल्याही त्यांच्याच दारात जातात. एक ट्रॉली धुऊन, रिकामी आणली जाते. साहेब तिला रिफ्लेक्टर चिकटवतात, टाळ्या पडतात, फोटोत तो झकास चमकतो. संध्याकाळी ट्रॉली भरली की त्याच्यावर ऊस लोंबतो. तोवर साहेबांची गाडी पुढच्या कार्यक्रमाला निघालेली असते, फॉग लॅम्प लावून, भर दुपारी.