शुद्ध काळ्याची पारख

मुंबई दूरदर्शन केंद्राचा आरंभ २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाला, त्या काळी दूरचित्रवाणी संच घरी आणू इच्छिणाऱ्या गृहस्थास पैशांची विवंचना असे, गच्चीवर एरियल उभारण्यास घरमालक हरकत घेईल की काय अशी धास्ती असे, आणि टपाल कचेरीत परवान्याची वार्षिक फी भरण्याचे एक नवे कर्तव्य त्याच्या कपाळी लिहिले जात असे. परंतु अनेक संचांपैकी कोणता निवडावा या चिंतेने त्याची निद्रा भंगली, असे त्या काळच्या कोणत्याही दप्तरात नमूद असल्याचे आमच्या पाहण्यात नाही. वाहिनी एक, रंग दोन, आणि सरकत्या लाकडी दारांच्या पेटीत चार पायांवर उभा असलेला तो संच दुकानदाराच्या मेहेरबानीने पदरात पडला, की गृहस्थ कृतकृत्य होई आणि चाळीतील मंडळी दाराबाहेर पादत्राणे काढून सतरंजीवर स्थानापन्न होत. १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंग अवतरले, तरी ते रंग खरे की खोटे याची चौकशी करण्याचे कोणास सुचले नाही. मैदानावरील हिरवळ हिरवी दिसली आणि निवेदिकेची साडी तिने नेसली असेल त्याच रंगाची असावी अशी सर्वांची समजूत झाली, एवढ्यावर प्रकरण निकालात निघाले.

आज त्याच गृहस्थाचा सुखवस्तू वारस लाख-दोन लाखांचा संच घेण्यापूर्वी जे अध्ययन करतो, ते पाहता पूर्वी वकिलीची सनद याहून अल्प परिश्रमांत मिळत असावी असे वाटू लागते. प्रथम त्यास पंथभेद समजून घ्यावा लागतो. ओएलईडी पंथात पडद्यावरील प्रत्येक ठिपका स्वयंप्रकाशी असून काळा रंग दाखवावयाचा झाल्यास तो ठिपका सरळ विझतो. दुसरा पंथ, ज्याच्या क्यूएलईडी, मिनी-एलईडी इत्यादी शाखा-उपशाखा आहेत, तो पडद्यामागे दिवे लावून पुढल्या द्रवस्फटिकांच्या झडपांनी उजेड अडवतो, आणि झडप कितीही घट्ट मिटली तरी थोडा उजेड झिरपतोच, म्हणून मागील दिव्यांचे शेकडो विभाग पाडून अंधाऱ्या भागातले दिवे तेवढे मंद करण्याची तजवीज त्याने केलेली असते. पहिल्याचे म्हणणे असे, की दुसऱ्याच्या काळ्या आकाशात चंद्राभोवती नसते खळे पडते. दुसऱ्याचा प्रतिटोला असा, की भर दुपारी खिडकी उघडी असली म्हणजे पहिल्याचे तेज मावळते, शिवाय एकच चिन्ह पडद्यावर फार काळ राहिले तर त्याचा डाग कायमचा उमटतो. दोन्ही आरोपांत तथ्य आहे, आणि वाद मिटत नाही याचे कारणही तेच आहे.

आमचे एक स्नेही पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून सेवानिवृत्त झाले आहेत. हयातीचा उत्तम भाग निविदा उघडण्यात आणि त्यांची तुलनात्मक विवरणपत्रे मांडण्यात गेल्यामुळे, नवा संच घ्यावयाचा असे कुटुंबात ठरताच त्यांच्या चर्येवर जे तारुण्य परतले ते त्यांच्या षष्ट्यब्दीसही दिसले नव्हते. फूलस्केप कागद आडवे जोडून त्यांनी विवरणपत्र आखले. उभ्या रकान्यांत संच, आडव्या ओळींत गुणधर्म, आणि अखेरचा रकाना अर्थातच शेऱ्याचा. “दोन दुकानं बघा आणि डोळ्यांना बरा वाटेल तो घेऊन या,” अशी एक सूचना वहिनींनी मांडली होती. परंतु सूचनाकर्तीजवळ तांत्रिक अर्हता नसल्याच्या सबबीवर ती नामंजूर झाली.

मोजमापाचा अध्याय त्यांनी विशेष आस्थेने हाताळला. कायद्यास सेंटिमीटर प्रिय, ग्राहकास इंच, म्हणून जाहिरातीत दोन्ही छापतात. ७७ इंचांचा संच म्हणजे सुमारे १९५ सेंटिमीटर, हे माप कर्णाचे, प्रत्यक्ष रुंदी ६७ इंच आणि उंची ३८ इंच. एवढ्या आकाराचा जुन्या वर्तमानपत्रांचा एक चौकोन त्यांनी चिकटपट्टीने दिवाणखान्याच्या भिंतीवर डकवला आणि सोफ्यावर बसून ते त्याचे अवलोकन करू लागले. पालकमंत्र्यांचे छायाचित्र बरोबर मध्यभागी आले होते. वहिनी स्वयंपाकघरातून आल्या, क्षणभर पाहत उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, “आणि कालनिर्णय कुठे टांगायचं?” या मुद्द्यास विवरणपत्रात रकाना नव्हता.

सोफा भिंतीपासून दहा फुटांवर आहे. आता निरोगी मानवी डोळ्यास अंशाच्या साठाव्या भागाहून, म्हणजे ज्योतिषातल्या एका कलेहून, लहान कोनातला भेद उमगत नाही, असे नेत्रशास्त्राचे ढोबळ मान आहे. त्या हिशेबाने ७७ इंची ४के संचाचे ठिपके सुटे दिसावयाचे तर प्रेक्षकाने पाच फुटांच्या आत यावे लागते, आणि ८के संच घेतल्यास अडीच फुटांच्या. ४के पडद्यावर ८२,९४,४०० ठिपके असतात, ८के पडद्यावर त्यांच्या चौपट. तेव्हा चौपट ठिपक्यांचे चौपट सुख उपभोगण्यासाठी ग्राहकाने पडद्यास नाक लावून बसणे हाच राजमार्ग ठरतो. “लांब बस, डोळे जातील,” म्हणून आमच्या पिढीच्या पाठीत धपाटे घालणाऱ्या मातांनी विज्ञानाच्या प्रगतीत केवढा अडथळा आणला, हे आता ध्यानात येते. स्नेह्यांनी हे गणित स्वतः करून पाहिले, ते निर्विवाद असल्याची ग्वाही दिली, आणि तरीही ८केचा रकाना खोडला नाही. “भविष्यकाळाची तरतूद,” असे ते म्हणाले. धरणांची उंची ठरवतानाही हाच युक्तिवाद होत असावा.

त्यानंतर आम्ही दोघे पुण्यातल्या एका विशाल दुकानात प्रत्यक्ष पाहणीस गेलो. भिंत छतापर्यंत संचांनी मढवलेली, आणि प्रत्येक संचावर तीच ती सृष्टी: मंद गतीने ओघळणारा मध, लालनिळा परदेशी पोपट, उधळलेल्या रंगांचा धुरळा, कापलेल्या डाळिंबाचे माणकांसारखे दाणे. ज्या विश्वात कोणी कोणाशी बोलत नाही, कोणाचे लग्न मोडत नाही आणि कोणी प्रवक्ता ओरडत नाही, असे हे विश्व दूरचित्रवाणीवर केवळ दुकानातच पाहावयास मिळते. विक्रेता तरुण उत्साही होता. “सर, ब्लॅक बघा, ब्लॅक! प्युअर ब्लॅक!” असे म्हणून त्याने एका संचावरचा अंधार आम्हांस दाखवला, आणि लाख-दोन लाख देऊन माणसाने काय पाहावे तर काहीच न दिसणे, या विचाराने आमच्यातला अद्वैती सुखावला.

स्नेह्यांनी चष्मा पुसला व विचारले, “सह्याद्री लावता का जरा?”

“सर, इथे केबल नाहीये. डेमोच आहे.”

“अहो, पण घरी मी डेमो थोडाच बघणार आहे?”

“सर, यूट्यूबवर हाच डेमो आहे,” तो अत्यंत नम्रपणे म्हणाला. “घरीसुद्धा बघता येईल.”

शेकडो दूरचित्रवाणी संच असलेल्या त्या इमारतीत दूरचित्रवाणी मात्र एकाही संचावर दिसत नव्हती. दुकानातल्या संचांचे तेज आणि निळाई मुद्दाम चढवून ठेवलेली असते, कारण एका ओळीत दहा संच लावले म्हणजे मनुष्याची नजर सर्वांत लखलखीत संचावर जाऊन ठरते, आणि नजर जेथे ठरली तेथे खिसाही ठरतो. या तेजाचे परिमाण निट्स. ते हजारांत सांगतात. ते पडद्याच्या दहाव्या हिश्शाएवढ्या किंवा त्याहून लहान पांढऱ्या चौकोनावर मोजण्याची चाल असून, सबंध पडदा पांढरा केल्यास ओएलईडीचे तेज त्या आकड्याच्या पुष्कळ खाली येते, हे स्नेह्यांनी वाचून ठेवले होते. “हेडला मोजलेलं पाणी टेलच्या शेतकऱ्याला कधी मिळालंय?” असे त्यांनी विचारताच विक्रेता चपापला, त्याच्या प्रशिक्षणात कालव्यांचा अंतर्भाव नसावा.

सह्याद्रीविषयीची पृच्छा वरवर अडाणी वाटली तरी सगळ्या वादाचे मर्म तिच्यातच होते. आपल्याकडे केबलवरून वा छतावरच्या तबकडीवरून आजही कित्येक वाहिन्या ७२० गुणिले ५७६ या जुन्या मापाने येतात, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. ४के पडद्यावर याच्या नेमक्या वीसपट जागा आहे. बाहेरून एक ठिपका आला, की उरलेले एकोणीस संचाने स्वतःच्या प्रतिभेने रचून भरावयाचे, आणि यासाठी आत जी योजना बसवलेली असते तिला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणून जाहिरातीत मानाचे पान मिळते. एका ठिपक्याच्या आधारावर एकोणीस रचण्याची ही कला आमच्या वृत्तवाहिन्यांस संचांच्या फार पूर्वीपासून अवगत आहे, त्यामुळे रात्री नऊच्या चर्चेत वाहिनीची प्रतिभा कोठे संपते आणि संचाची कोठे सुरू होते, हे तज्ज्ञांसही सांगता येऊ नये.

चित्रपटांची गत निराळी. ते सेकंदास २४ चित्रांनी घेतलेले असतात. संच मधल्या फटींत स्वरचित चित्रे घुसडून हालचाल इतकी गुळगुळीत करतो, की भव्य चित्रपटास दुपारच्या मालिकेची कळा येते. २०१८ च्या डिसेंबरात टॉम क्रूझ या नटाने दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वॅरी यांच्यासह एका चित्रफितीतून ही सोय बंद ठेवण्याची प्रेक्षकांस विनवणी केली, आणि पुढल्याच वर्षी ती एका कळीने बंद करणारी ‘फिल्ममेकर मोड’ नामक दुसरी सोय निघाली. प्रथम बिघाड विकावयाचा व नंतर त्याची दुरुस्ती विकावयाची, हा व्यापार नवा नाही.

परंतु स्नेह्यांना खरा धक्का बसला तो पॅनलच्या प्रकरणात. कोणत्या घराण्याचा संच श्रेष्ठ यावरून आमच्या कट्ट्यावर अबोले झाले आहेत. आणि वस्तुस्थिती अशी, की दूरचित्रवाणी संचांसाठी लागणारे मोठे ओएलईडी पॅनल जगात मुख्यत्वे दोनच कोरियन कारखाने करतात, एलजी डिस्प्ले आणि सॅमसंग डिस्प्ले. सोनी आपल्या ओएलईडी संचांसाठी पॅनल त्यांच्याकडूनच घेते, इतकेच नव्हे तर सॅमसंगच्या ८३ इंची ओएलईडी संचात खुद्द एलजीचे पॅनल बसवलेले असते. चव्हाट्यावर वैर आणि माजघरात सोयरीक, हा प्रकार महाराष्ट्राच्या राजकारणात मुरलेल्या वाचकास नवलाचा वाटणार नाही. परंतु स्नेह्यांचे विवरणपत्र घराण्यांनुसार आखलेले असल्याने ते मुळापासून पुन्हा आखावे लागले. या दुसऱ्या आवृत्तीत ‘पॅनलचे मूळ गाव’ असा स्वतंत्र रकाना होता, आणि आमच्या मते ते त्यांच्या सेवोत्तर आयुष्यातले सर्वांत आनंदाचे दिवस होते. जेवताना त्यांच्यापुढे वर्तमानपत्रांचा तो चौकोन असे, आणि संच प्रत्यक्ष आल्यावर ते इतके टक लावून काही पाहतील अशी आशा आम्हांस तेव्हाही नव्हती.

सरकारने मध्ये हस्तक्षेप केला नसता तर ही चौकशी अद्याप चालू असती. २०२५ च्या घटस्थापनेस, २२ सप्टेंबर रोजी, ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि लाखाच्या वस्तूस दहा हजार सुटणार हे ऐकून वहिनींनी अखेरचा खलिता धाडला. दुकानात गर्दी लोटली होती. छापील किमतीवर दहा टक्के कमी करून मागणाऱ्या एका ग्राहकास स्नेह्यांनी बाजूला घेऊन समजावले, की कर मूळ किमतीवर असतो, १२८ रुपयांचे ११८ होतात, तेव्हा छापील किमतीवर सूट आठ टक्क्यांहूनही थोडी कमीच पडते. त्या सद्गृहस्थाने त्यांना दुकानाचाच माणूस समजून व्यवस्थापकाकडे तक्रार नोंदवली. बिनव्याजी हप्ता घेतला तर रोखीची सवलत बुडते, म्हणजे व्याज कोठे गेले ते कळते. ते सर्व तपशील विवरणपत्राच्या पुरवणीत आहेत.

विजयादशमीच्या सुमुहूर्तावर संच आला. खोका लिफ्टमध्ये आडवा मावेना, उभा करण्यास खोक्यावरचे बाण मनाई करत होते, म्हणून चार हमालांनी तो जिन्याने वर नेला आणि मजुरी वेगळी मोजून घेतली. संध्याकाळी घरात पहिला हुकूमनामा निघाला: वृत्तवाहिनी सलग लावू नये, कारण तिच्या तांबड्या पट्टीचा आणि कोपऱ्यातल्या चिन्हाचा डाग पडद्यावर पडू शकतो, आणि असल्या डागाची जबाबदारी हमीपत्राच्या बारीक टाइपात बहुधा नाकारलेली असते. क्रिकेटचे सामनेही धावफलकामुळे संशयित ठरले. वहिनी आपली मालिका स्वयंपाकघरात, डब्यास टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर पाहतात, आणि पोळ्या करताना मान वळवावी लागत नाही हा त्यांचा एकमेव निकष पहिल्या दिवसापासून पूर्ण होत आला आहे.

दिवाळीच्या फराळास मंडळी येऊ लागली. प्रत्येकाने संचासमोर उभे राहून “वा!” म्हटले, नंतर किंमत विचारली, आणि ती ऐकल्यावर चिवड्याची वाटी हातात घेत, हाच संच आपल्या भाच्याने पिंपरीत पंधरा हजारांनी स्वस्त मिळवल्याचे सांगितले. भाचा न मिळाल्यास जावई, जावई नसल्यास कार्यालयातला एक मुलगा, पण स्वस्तात मिळवणारा कोणी ना कोणी प्रत्येक कुटुंबात असतोच. आमच्या स्नेह्यांनी पाहुण्यांस शांतपणे बसवून घेतले, चकलीचे ताट पुढे सरकवले, कपाटातून विवरणपत्राची दुसरी आवृत्ती काढून टीपॉयवर पसरली आणि पेनाचे टोपण उघडत म्हणाले, “भाच्याला फोन लावा बरं. त्याच्या संचातलं पॅनल कुठल्या कारखान्याचं आहे, तेवढं विचारा.”