पहारीची बाग

नव्या इमारतीभोवतीची माती म्हणजे बिल्डरची रोजनिशी. फरक इतकाच, की ती शेवटच्या पानापासून वाचावी लागते. पुण्यात तळमजल्याच्या घराबरोबर ‘खासगी बाग’ म्हणून जो चिंचोळा पट्टा मिळतो, त्यात कुदळ मारून बघा. वर वीतभर लाल माती, ताबा देण्याच्या आदल्या आठवड्यात पसरलेली. तिच्याखाली टाईलचे तुकडे. मग प्लास्टरचे गोळे, मग विटा, मग खडी. सर्वांत खाली पायाच्या खोदाईतला मुरूम आणि त्याखाली साक्षात काळा कातळ. इथून पुढे कुदळ चालत नाही, पहार लागते. शेजाऱ्यांशी बोलणंही पहारीमुळेच सुरू होतं. “किती वेळ चालणार आहे हे?” असं त्याचं पहिलं वाक्य असतं.

हा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो झिजला की मुरूम, आणखी झिजला की कापूस पिकवणारी काळी कसदार जमीन. म्हणजे आपल्या बागेतही ती होणारच आहे, फक्त घाई करून चालणार नाही.

याच कातळाच्या पोकळ्यांत वाघोलीच्या खाणींमध्ये कॅव्हन्साइटचे निळेशार स्फटिक मिळतात; जगभरचे संग्राहक त्यांच्यासाठी पैसे मोजतात. माझ्या खड्ड्यात गवंड्याची थापी मिळाली. मूठ शाबूत होती.

खरी खोडी दगडाची नाही, सिमेंट-चुन्याची आहे. त्याने माती अल्कधर्मी होते. लोह मातीत असतं, पण मुळांना घेता येत नाही. मग जास्वंदीची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. यावर सोसायटीत तीन निदानं मिळाली: पाणी जास्त झालं, पाणी कमी पडलं आणि दृष्ट लागली. माळीकाकांनी मात्र पानाकडे पाहिलंच नाही. खड्ड्यात डोकावून म्हणाले, “साहेब, ही जमीन नव्हे, स्लॅब आहे. सीताफळ लावा. ते शिव्या खाऊन वाढतं.”

त्यांचं खरं आहे. सासवडकडच्या मुरमाड माळांवर सीताफळ पिकतंच. शेवगा, कण्हेर, अडुळसा, कोरफड हीही मंडळी फारसे लाड मागत नाहीत. गुलाबाचा हट्टच असेल तर सरळ कुंडी घ्यावी. बाकी रीत जुनीच: उन्हाळ्यात दोन फुटांचा खड्डा घेऊन उन्हात तापू द्यायचा, डबर वेचून काढायचं आणि पावसाच्या तोंडावर पालापाचोळा, शेणखत, चांगली माती भरायची.

निघालेल्या विटा वाफ्याच्या कडेला लावा, पण राहिलेला राडारोडा रात्री गुपचूप नदीकाठी नेऊन टाकू नका. मुठेच्या पात्रात तो आधीच भरपूर आहे.