चातुर्मासात चालणारा कांदा

निशी-कासाई, टोकियो



आई, 'तिकडे देवळात जाता की नाही?' असं तू दर रविवारी विचारतेस, म्हणून कळवतो : परवा कांदा म्योजिनला जाऊन आलो. हसू नकोस. कांदा हे इथल्या पेठेचं नाव आहे, तेव्हा चातुर्मासातही चालेल.

खाली अकिहाबारा, म्हणजे इथला लॅमिंग्टन रोड. त्या गोंगाटातून पायऱ्या चढलो की देऊळ. दाराशी हिने सवयीने चपला काढल्या. दोन मिनिटांत एक आजीबाई त्याच चपला दोन्ही हातांत धरून, वाकत वाकत आमच्या मागे! इथे अंगणात चपला काढत नाहीत. देवळातून चपला जातात हे ठाऊक होतं. पाठलाग करत परत आलेल्या पहिल्यांदाच पाहिल्या.

बाबा, हे तुमच्या पीडब्ल्यूडीच्या कट्ट्यासाठी : देवस्थान इ.स. ७३० चं, या टेकाडावर १६१६ पासून. १९२३ च्या भूकंपात जळालं, म्हणून १९३४ साली चक्क काँक्रीटमध्ये बांधलं, वरून लाखेचा लाल हात. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत आजूबाजूचं सगळं भस्म झालं, हे उभं राहिलं.

इथल्या तीन देवांपैकी दाइकोकु म्हणजे मुळात आपला महाकाळ. बौद्धांबरोबर चीनमार्गे इकडे आला आणि ओकुनिनुशी नावाच्या इथल्या देवात मिसळून गेला. राग पार गेलाय. खांद्यावर पोतं, हातात हातोडा, पोट सुटलेलं, आणि खो खो हसतोय. बरीच वर्षं परदेशात काढलेल्या कुणाही माणसासारखा. आवारात त्याची भलीमोठी दगडी मूर्ती आहे. ही तिच्यापुढे फोटोला उभी राहिली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ''पोट सेम आहे.''

दर्शनाची रीत सोपी : दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. आमचा बंडू दोन टाळ्यांवर थांबेना, तो आरतीलाच लागला. मागची रांग शांतपणे थांबली. आपल्याकडे एव्हाना 'चला, पुढे चला' झालं असतं.

अकिहाबारा शेजारी असल्यामुळे इथे कॉम्प्युटरच्या रक्षणासाठीही ताईत मिळतो. दारावरच्या लिंबू-मिरचीवरून आईशी भांडणारा मी, दोन घेतले. एक ऑफिसच्या लॅपटॉपला लावलाय. सोमवारी सर्व्हर बसला, पण शेजारच्या टीमचा.

दुसरा बाबांसाठी पाठवतोय. बाबा, तो लावा, पण बँकेचा पासवर्ड कालनिर्णयावर लिहून ठेवणं आधी बंद करा.

तुमचा,
धाकटा