नवरदेव कोण, ते नंतर

होळी झाली की नंदुरबार जिल्ह्यात मांडव पडू लागतात आणि मांडवांबरोबर तारीखवाला उगवतो. तळोदा, अक्कलकुवा, धडगाव, नवापूर, कुठल्याही तालुक्यात जा, गावागणिक एक तरी सापडतोच. वय अठरा ते तीस, रात्रीसुद्धा कपाळावर गॉगल, गळ्यात रुमाल, बुडाखाली मोटरसायकल आणि मागे दोन मित्र. पंचांगाशी त्याचं देणंघेणं नसतं, पण कुठल्या बँडाची कुठली तारीख कुठल्या गावाला गेली, हे बँडमालकाच्या वहीत लिहिलं जाण्याआधी याला पाठ असतं. "सर, एकोणीसला आपला बँड मोलगीकडे, वीसला उच्छल, एकवीस अजून रिकामी आहे." लग्न कुणाचं, असं विचारलंत तर तो तुमच्याकडे जरा कीव करून बघतो. "ते तिथे गेल्यावर कळेल ना!"

बँड म्हटल्यावर लाल कोट आणि पितळी भोंगे डोळ्यांपुढे आले असतील, तर ते आधी काढून टाका. इथला बँड म्हणजे दिव्यांनी मढवलेला ट्रक, त्यावर पुरुषभर उंचीचे स्पीकर, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, माईक धरलेले गायक-गायिका आणि मागून धडधडत येणारा जनरेटर. गाणी रोडालीची, टिमलीची. भाषा भिली, मावची, पावरी, देहवाली, जसा मांडव तशी. ट्रक सरकतो मुंगीच्या पावलांनी आणि त्याच्यापुढे खांद्यावर हात टाकून नाचणाऱ्यांच्या रांगा. बायकांची रांग एकाच रंगाच्या साड्यांची, कारण ताग्यातून एकदम घेतलेल्या. हे रात्रभर चालतं. आवाजाच्या सन 2000 च्या नियमांप्रमाणे रात्री दहाला कर्णे बंद व्हायला हवेत, हे गावात सगळ्यांना माहीत असतं आणि साडेनवापासून सगळे ते एकमेकांना सांगतही असतात.

तारीखवाल्याला आमंत्रण नसतं. त्याला ते लागतही नाही, आणि यजमानालाही त्यात काही वावगं वाटत नाही. ज्याच्या लग्नात चार गावांची अनोळखी पोरं नाचली, त्याचं लग्न गाजलं. मात्र या पोरांचे नियम कडक असतात. आधी नाचायचं, मग जेवायचं. नुसतं जेवून निघणारा हलका. नाचताना गावच्या पोरींच्या रांगेत घुसणारा त्याहून हलका, आणि त्याला तिथल्या तिथे शिकवणारे लोक असतात. पेट्रोलला तिघांनी सारखे पैसे काढायचे. तिघांतला एक गाडी चालवतो, दुसरा मोबाईलवर शूटिंग करतो. तिसऱ्याचं काम अजून कुणाला नीट कळलेलं नाही. रात्री दोन वाजता तो कुणाच्या तरी खाटेवर झोपलेला सापडतो.

सातपुड्यात शिरलं की मोबाईलची रेंज जाते. मग लग्न शोधायचं कसं? चांदसैलीच्या घाटात वळणावर तारीखवाला गाडी थांबवतो. "इंजिन बंद कर." काळोखात तिघं कान टवकारून उभे. गाणं ऐकू येत नाही, गायिकाही नाही, फक्त खालचा ठोका येतो, धुम्... धुम्... वरचे सूर डोंगर आणि हवा मध्येच खाऊन टाकतात, खर्जाचा आवाज मात्र टेकडीला वळसा घालून लांबवर पोचतो, हे भौतिकशास्त्र मी वर्गात फळ्यावर शिकवलं. तेव्हा हा गडी मागच्या बाकावर झोपला होता. घाटात मात्र त्याची चूक होत नाही. एकदा ठोका ऐकून त्याने मान हलवली. "हा आपला नाही. याचा ऑक्टोपॅड ओला वाजतो." गाडी फिरवून दुसऱ्या डोंगराकडे.

'आपला' बँड ही निष्ठेची बाब असते. घराण्याच्या गायकीवरून भांडणारे लोक मी पुण्यात पाहिलेत, पण ते मैफल संपल्यावर चहा पिताना भांडतात. इथे वाद पेट्रोलपंपावर, एसटीत, ओढ्यावर कपडे धुताना, कुठेही सुरू होतो. कुणाचा कीबोर्डवाला कुणी फोडला, कुणाची गायिका सोनगढच्या बँडात गेली, नवा मिक्सर कुणी घेतला, सगळं तोंडपाठ. सरहद्द बिरहद्द कुणी मानत नाही. नवापूरचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत, तिथे बँडाने का मानावी? आणि तारीखवाल्याची खरी कमाई म्हणजे चिठ्ठी. पन्नासाच्या नोटेबरोबर गावाचं नाव लिहून ती वर गायकाकडे सरकवायची. गाणं चालू असताना मध्येच गायकाने गावाचं नाव घेतलं, की तिघं असे उसळतात, की खाटेवरचाही जागा होतो. दुसऱ्या दिवशी ते यूट्यूबवर शोधायचं आणि आईला दाखवायचं. आई म्हणते, "अंधार दिसतोय." तो म्हणतो, "ऐक ना, बघू नको."

यांच्यातला एक सुरतेला लूमवर कामाला आहे. सीझनमध्ये त्याच्या काकाचं लग्न असतं. दर सीझनला असतं. काका एकच आहे.

जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्ले हा परदेशी बँड भारतात आला. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 18, 19 आणि 21 तारखेला, मग अहमदाबादला नरेंद्र मोदी स्टेडियमवर 25 आणि 26 ला. माझा पुण्याचा भाचा संगणकावर रांगेत ताटकळून तिकीट मिळवून अहमदाबादला जाऊन आला आणि परतताना आमच्याकडे उतरला. तारीखवाला त्याला भेटायला आला, बँडाचा माणूस आलाय म्हणून. चौकशी सुरू झाली.

"किती लोक होते?"

"लाखावर."

याने मान डोलावली, लग्न मोठं होतं तर. "किती वेळ वाजवलं?"

"दोन तास."

"दोन? मग काय बिघडलं, जनरेटर?"

काही बिघडलं नव्हतं, तेवढंच असतं, हे पटायला वेळ लागला. बँड जागचा हलत नाही आणि लोकही आपापल्या जागी उभे राहतात, हेही त्याला चमत्कारिक वाटलं. "मग नाचतात कुठे?" भाच्याने प्रत्येकाच्या मनगटावर बांधलेल्या, गाण्याबरोबर रंग बदलणाऱ्या पट्ट्यांचं वर्णन केलं. तेव्हा मात्र तो खूष झाला. पुढच्या सीझनला आपल्या बँडाला सुचवायला हवं, म्हणाला. पण निघताना त्या पट्ट्या परत मागतात हे कळल्यावर त्याचा चेहरा उतरला. "दिलेला आहेर परत घेतात? आणि जेवण?" जेवण विकत, हे ऐकून त्याने विषयच बदलला. भाच्याचा अपमान नको म्हणून असेल.

ऑक्टोबर 2011 मध्ये गुडगावला मेटॅलिका या अशाच परदेशी बँडाचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला, तेव्हा चिडलेल्या प्रेक्षकांनी मंचावर चढून सामानाची मोडतोड केली होती. इकडे रात्री एकला जनरेटर बसला, तर कुणी काही फोडत नाही. कुठल्या तरी घरातून ढोल बाहेर येतो, कुणी थाळी आणतं आणि रांग तशीच पुढे चालते. तारीखवालाही त्यातच असतो. काठी गावच्या राजवाडी होळीला तर तो मोबाईल खिशात ठेवतो. मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू, रात्रभर ढोल, आणि होळी पेटते ती पहाटे. परतल्यावर मी विचारलं, कसं झालं? "साउंड चांगला होता," तो म्हणाला. "जनरेटर लागत नाही."

गेल्या उन्हाळ्यात त्याचं स्वतःचं लग्न झालं. बँडाची रिकामी तारीख आधी धरली आणि मग घरच्यांनी ती दोन्हीकडच्या थोरांकडून मंजूर करून घेतली. पण हळदीच्या अंगाने नवरदेवाला रांगेत उतरता येईना. हातात कट्यार घेऊन तो मांडवात अवघडून बसला होता आणि दर पाच मिनिटांनी धाकट्या भावाला बोलावून विचारत होता, "बाहेरगावच्या गाड्या किती आल्या?"

बायको सागबाऱ्याकडची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात उघड झालं, की तिचा बँड वेगळा आहे, आणि तारखा तिलाही पाठ आहेत. मे महिन्यात दोन्ही बँड एकाच रात्री दोन गावांना लागले. बरीच बोलाचाली झाली, सासूने मध्यस्थी करून पाहिली, शेवटी तो आपल्या दोस्तांबरोबर अक्कलकुव्याकडे गेला आणि ती मैत्रिणींना स्कूटीवर घेऊन डेडियापाड्याकडे. तिच्या बँडाने तिच्या माहेरचं नाव तीनदा पुकारलं. व्हिडिओ त्याने पाहिला आहे. ऑक्टोपॅड ओला वाजतो, एवढंच तो बोलतो.