एफएसएचराव

वंध्यत्वाच्या दवाखान्यात नवरे मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसतात. एफएसएचराव दुसऱ्यांच्या फायलींत. त्यांचं खरं नाव विचारायला उसंतच मिळायची नाही. मी खुर्चीत टेकतो न टेकतो तोच त्यांनी विचारलं, "दुसरा दिवस की तिसरा?"

"पहिल्यांदाच येतोय."

"अहो, पाळीचा! एफएसएच हा हार्मोन तेव्हाच बघतात."

पलीकडच्या ताई खुशीत होत्या. त्यांचा आकडा 18 आला होता. राव कळवळले. "ताई, हे परीक्षेतले मार्क नव्हेत. मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी असते, ती मुकादम. एफएसएच ही त्याची हाक. अंडाशय म्हणजे मजूर. मजूर हाकेला ओ देतोय तोवर मुकादम हळू बोलतो. मजूर थकला, की आवाज चढतो. 18 म्हणजे ओरडणं झालं!" डॉक्टरांनीही हेच सांगितलं असतं म्हणा, पण आधी दार लोटून घेतलं असतं.

सुनेबरोबर आलेल्या आजी कान देऊन ऐकत होत्या. रावांना चेव आला. "पाळी गेलेल्या बाईत मुकादमाचा आरडाओरडा थांबतच नाही. तो हार्मोन लघवीतून वाहून जातो. रोममध्ये पिएरो डोनिनींनी 1949 मध्ये तिथूनच तो काढला. पुढे मठांतल्या वयस्क नन्सची लघवी जमवली, त्यातून इंजेक्शनं केली आणि 1962 मध्ये इस्रायलात त्या उपचारानं पहिलं मूल झालं."

"संन्यासिणींच्या पुण्याईनं पाळणे हलले म्हणायचे!" आजींनी हात जोडले.

"पुण्याईनं नव्हे आजी, लघवीनं. आता हॅम्स्टरच्या पेशींतूनही बनवतात. हॅम्स्टर म्हणजे उंदरासारखाच."

आजी उठून पंख्याखाली जाऊन बसल्या.

रावांची बायको, म्हणजे वहिनी, चार खुर्च्या सोडून निमूट विणत होत्या. या माणसाला बायकोचा एफएसएच दशांश चिन्हापर्यंत पाठ, आणि पोटावर इंजेक्शन टोचायची वेळ आली की हे बाल्कनीत, असं त्या माझ्या बायकोला हळूच सांगून गेल्या होत्या.

"बरं, हा हार्मोन पुरुषांतही असतो," राव माझ्याकडे वळले. "वृषणातल्या सर्टोली पेशींना शुक्राणू घडवण्याच्या कामाला तोच जुंपतो."

वहिनींची सुई थांबली.

तेवढ्यात सिस्टर प्लास्टिकची डबी घेऊन आल्या. "साहेब, तुमची तपासणी तीनदा पुढे ढकललीत. आज तरी?"

"आज जरा... बँकेत..."

"अहो," वहिनी म्हणाल्या, "मुकादम हाक मारतोय."